कुकरातले किडे

त्या रविवारी आईनं अंबाडीची भाजी केली होती. "शहरात राहून चार घास कमी खायचं शिकलीस," असं मला म्हणाली आणि तिसरी भाकरी स्वतःच्या ताटात घेतली. दोन दिवस पोटात गुबारा धरतोय, एवढीच तिची तक्रार.

संध्याकाळी ती मला आमच्या गावाजवळच्या गोरेगावला घेऊन गेली. बाजाराच्या मागं, पत्र्याच्या शेडात पोटबाबा बसायचा. जीपा भरभरून माणसं आली होती. बाबा बादलीतून गरम फडका काढी, माणसाच्या उघड्या पोटावर दाबी आणि डोळे फिरवून ओरडे, "निघ, हरामखोरा, निघ! उदरनाथ आला!" मग फडका काळ्या परातीतल्या पाण्यात झटके. पाण्यावर पांढरे, वेटोळे किडे तरंगत.

आईच्या पोटावरचा फडका झटकला, तेव्हा मीही मागं सरकले.

"तू जेवली का हे जेवतेत, माय," बाबा म्हणाला. "अन्न तोड. पाण्यावर राह्य. उपाशी मरू दे त्याह्यला."

परतताना मी म्हणाले, "आई, डॉक्टरला दाखवू."

"डागदराला दिसले का किडे? मला दिसले." तिनं पोट दोन्ही हातांनी धरलं होतं, आत कुणी जागं होईल अशा बेतानं.

मी हिंगोलीला परतले आणि फोनवर भांडत राहिले. तिनं अन्न सोडलं ते सोडलंच. तिला साखरेचा आजार होता, त्याच्या गोळ्या मात्र नेमानं घेत होती, कारण बाबानं त्या बंद करायला सांगितल्या नव्हत्या. रिकाम्या पोटी त्या गोळ्यांनी रक्तातली साखर उतरत गेली. एका सकाळी ती उठलीच नाही.

भेटायला येणाऱ्यांना मी सांगत होते, "आजारी होती."

"किडे काळजाला पोचले असतील," मंजुळामावशी पुटपुटली. आईची ही धाकटी बहीण. बोलता बोलता तिचा हात स्वतःच्या पोटावर गेला. तिलाही साखर आहे.

पुढं माझंच पोट बिघडलं. पुस्तकं वाचणारी बाई मी, तरी न्हाणीत उभी राहून पोट चाचपू लागले. आत काही हललं की काय? डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. "किडे नाहीत. तुम्ही जेवत नाही, हे खरं दुखणं. डाळी, भाज्या, राजगिरा खा. किनोआ मिळाला तर तोही. राजगिऱ्याच्याच कुळातलं बी आहे, धान्यासारखं शिजतं. त्यातल्या चोथ्यावर आतड्यातले चांगले जिवाणू पोसले जाऊ शकतात. औषध म्हणून नाही, अन्न म्हणून खा."

किनोआचं पाकीट आणलं, कुकर लावला. झाकण काढलं आणि हातातला चमचा खाली पडला.

आत तेच होते. पांढरे, वेटोळे. शेकड्यांनी.

थोड्या वेळानं धीर करून एक किडा सुईनं उचलला. त्याचं टोक दाण्याला चिकटलेलं होतं. दाण्याभोवती गुंडाळलेला तो बीचा अंकुर. शिजला की सुटतो.

दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला. "पोट साफ न्हाई गं. आज बाबाकडं चालले."

डबा भरून मी गोरेगाव गाठलं. मावशी रांगेत पहिली होती.

"मावशी, थांब."

"गप गं! कोपंल बाबा."

मी डबा परातीत उपडा केला. माणसं ओरडून मागं हटली.

"कुणाच्या पोटातले हे?" कुणीतरी विचारलं.

"माझ्या कुकरातले." मी चमचाभर उचलून खाल्ले.

"अगं बाई, खाल्ले की हिनं!"

"हिच्या अंगात किड्यांची राणी शिरली!" बाबा कडाडला. "हाकला हिला!"

कुणीतरी माझा दंड धरला. मी तो सोडवून घेतला. "एकच करा, बाबा. परातीत नवं पाणी घ्या अन फडका पोटाला न लावता झटका."

"मंतरलेला फडका हाय! असा झटकला तर हात झडतील!"

मग मावशी उठली. तिनं परात उपडी करून नवं पाणी ओतलं. डोळे मिटून बादलीत हात घातला, फडका काढला, अंगापासून लांब धरला आणि झटकला.

पाण्यावर पांढरी वेटोळी पसरली.

मावशीनं आधी हात बघितले, मग परात. "काहून रं बाबा? माझं पोट तर अजून लुगड्यातच हाय!"

मागं कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळी शेड हसली. मी फडक्याची शिवण उसवली. दुहेरी घडीत शिजवलेला किनोआ भरला होता. दाणे आत अडकायचे, सुटलेले अंकुर विरळ विणीतून पाण्यात यायचे. बाबा बादलीतल्या बाकीच्या फडक्यांकडं झेपावला, पण लोकांनी बादली आधीच उचलली होती.

"आपल्या पोटात जीव असतेत, हे खरं हाय," मी म्हणाले. "पण ते नुसत्या डोळ्याला दिसत न्हाईत, अन त्यातले लई आपल्या कामाचे हायेत. त्यांना मारायचं नसतं, खाऊ घालायचं असतं. कुणी किडे दाखवले तर आधी फडका उकलून बघा. डॉक्टरला विचारल्याबिगर अन्न तोडू नका."

"पण पोरी," आमच्या गावचा एक म्हातारा हळूच म्हणाला, "तुझी माय तर किड्यानंच गेली ना?"

मावशीनं माझ्याकडं बघितलं.

"न्हाई," मी म्हणाले. "माझी आई उपाशी मेली."