पिवळ्या कार्डात सोमी नव्हती

मित्रांनो, मी उधव्याच्या एका पाड्यावरची जुनी शिधापत्रिका आहे. रेशनकार्ड म्हणा, सगळे तेच म्हणतात. माझा पिवळा रंग विटला, पानं सुटली, आता बोलायचाही कंटाळा येतो. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

कचेरीत शिक्का बसला आणि मी लहान्याच्या घरी आले. लहान्या मजुरी करायचा. त्याने मला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कुडाच्या भिंतीत खोचलं. तांदूळ, गहू, रॉकेल माझ्यामुळे यायचं. तेव्हा घरात माझा काय मान होता!

पुढे कोसबाडची सोमी घरात आली. आमच्याकडे लग्नाचा खर्च झेपेपर्यंत कोणी थांबत नाही. मुलगी येते, संसार सुरू होतो, लग्न मागाहून. त्यात कुणाला वावगं वाटत नाही. माझ्यात तिचं नाव लग्न झालं की चढवू, असं लहान्या म्हणाला. आत्ताच चढव म्हणायला मला कुठे तोंड होतं!

२०१६ साली चिकूच्या वाडीत कामाला जाताना सोमी टेम्पोतून पडली. मांडीचं हाड मोडलं. सरकारी योजनेत ऑपरेशन फुकट होतं, पिवळं कार्ड असलं की झालं, असं सगळ्यांनी सांगितलं. मी तर फुशारलेच.

आमच्या माणसांचा बाजार वापीला, काम वापीला, म्हणून दवाखानाही तिकडचाच. तिथे मला उलटंपालटं करून परत दिलं. राज्याच्या हद्दीपलीकडे मला कोण विचारतो? मागे फिरून डहाणूत एक हाडांचे डॉक्टर भेटले, ते योजनेत नव्हते. दुसरीकडे योजना होती, पण हाडांसाठी नव्हती. दर ठिकाणी सोमीला उचलायचं, जीपमध्ये घालायचं, उतरवायचं. ती पदर तोंडात कोंबून घ्यायची. असे सहा दिवस गेले.

सातव्या दिवशी हायवेवर लांब एका इस्पितळात योजनेतले डॉक्टर सापडले. भला माणूस. एक्स-रे बघून म्हणाले, "उद्या करू. चालेल ही." लहान्या तिथेच रडायला लागला.

योजनेच्या टेबलावर मयुराताई बसायच्या. त्यांनी मला उघडलं. लहान्या, त्याची आई हिरू, भाऊ जिव्या, अशी नावं वाचली. मग हळूच विचारलं, "दादा, ह्यांचं नाव कुठाय?"

शरमेने मेले मी.

सोमीच्या बापाला, हाल्याला, निरोप गेला की तुमचं कार्ड घेऊन या. तो पहिल्या एसटीने आला. त्याच्याही कार्डात सोमी नव्हती. लेक सासरी गेली तेव्हा त्याने आपण होऊन तिचं नाव कमी करून घेतलं होतं. "तिच्या वाट्याचं धान्य मी कसं खाऊ?" म्हणाला. इतका सरळ माणूस! आणि त्याच्या सरळपणानेच लेक दोन्हीकडून सुटली.

मग ग्रामपंचायतीचा दाखला, मग कचेरी, मग लग्नाचा पुरावा नाही म्हणून पुन्हा दुसरा दाखला. मयुराताईंनी फोनवर फोन केले. तरी माझ्यात सोमीचं नाव चढायला सोळा दिवस लागले. तोवर हाड वाकडंच जुळायला लागलं होतं. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, सोमी उभी राहिली, पण पाय दोन बोटं आखूड राहिला. आता वाडीत टोपल्या उचलायला तिला कोणी घेत नाही.

लोक म्हणतात, कार्ड होतं म्हणून सोमी चालते. मला ते ऐकवत नाही. हल्ली रेशनला मशीनवर अंगठा लागतो, मी भिंतीतच असते.

परवा शेजारच्या दिपककडे अशीच सून आली. सोमी लंगडत त्यांच्या दारात गेली आणि म्हणाली, "लग्न कधीपण करा. उद्या सकाळी पहिलं हिचं नाव चढवा."

मित्रांनो, तुमच्या घरचं कार्डही असंच कुठेतरी खोचलेलं असेल. आज जेवायला बसाल तेव्हा ते उघडा. ताटावर बसलेल्या कुणाचं नाव त्यात नसेल, तर त्याचं हाड मोडायची वाट बघू नका.