शून्यापासून तीस मिनिटं

मी एक दुधाची बाटली बोलतेय. पोटात दोनशे मिली वेलचीचं दूध, डोक्यावर निळं झाकण, मानेवर तारीख आणि वेळ छापलेली. दिसायला दुकानातल्या इतर बाटल्यांसारखीच. पण मला एक गोष्ट माहीत आहे. ती माहीत असलेला एकच माणूस होता आणि तो आता नाही.

जन्माआधी मी बोटाएवढी जाड एक नळी होते. वाशीमबाहेरच्या कारखान्यात आम्ही हजारो नळ्या लोखंडी घसरणीवर रांगेत उभ्या असायचो. पुढे दिव्यांची भट्टी होती. तिच्यातून गेलेली नळी मेणासारखी मऊ होते. मग गार साचा तिला कवेत घेतो, एक सळई पोटात शिरून तिला ताणते, हवा भरते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत बाटली होते. भट्टी कमी तापली तर नळी फुगत नाही, साचा गार नसला तर बाटली आकार धरत नाही. उष्ण आणि थंड यांच्या मधल्या एका अरुंद वाटेवरून आम्ही सगळ्या जन्माला येतो.

त्यापुढची खोली मी जन्मभर विसरणार नाही. तिथे माणूस जात नाही. आतली हवा सतत बाहेर ढकलली जाते, म्हणून धुळीचा कणसुद्धा उंबरा ओलांडू शकत नाही. औषधाची गरम वाफ तुमच्या अंगाचा कोपरा न् कोपरा धुते, मागून गरम हवा ती वाफ पुसून नेते. आणि दूध? ते एकशे चाळीस डिग्रीवर फक्त चार सेकंद राहतं. चार सेकंद! त्यात सगळे जंतू मरतात, आणि दूध मात्र दूधच राहतं. लगेच ते गार होतं आणि कुणाचाही हात न लागता आमच्या पोटात उतरतं. एका तासात चोवीस हजार बाटल्या. मला अजून नवल वाटतं.

हे सगळं अश्वजित नावाचा माणूस सांभाळायचा. किन्हीराजाचा, सत्तावीस वर्षांचा, बारीक अंगाचा. पडद्यावरच्या आकड्यांकडे तो असा बघायचा, जसं तापलेल्या लेकराच्या कपाळाकडे माय बघते.

त्या दिवशी त्याची पाळी दुपारी दोनला संपणार होती. साडेबाराला वाफेचा दाब पडला आणि मशीन आपोआप थांबलं. असं झालं की सगळे पाइप आणि नळ पुन्हा उकळत्या वाफेनं निर्जंतुक करावे लागतात. आधी धुणं, मग तापवणं, मग ठरलेल्या तापमानावर सलग तीस मिनिटं. मधे आकडा एक डिग्रीही खाली आला तर मोजणी पुन्हा शून्यापासून.

मी तेव्हा नळीच होते, घसरणीवर सगळ्यात पुढे. तिथून पडदा समोरच दिसायचा. बाविसाव्या मिनिटाला आकडा घसरला. एकच डिग्री, तीही क्षणभर.

पाळीचे मुकादम रामधनभाऊ डबा खायला निघाले होते. ते म्हणाले, "जाऊ दे ना बे. एका डिग्रीनं काय आभाय कोसयते? आठच मिनिटं राह्यले. कर सुरू."

एवढं बोलून ते गेले. तेवढ्यात दाराजवळच्या खणात ठेवलेला अश्वजितचा फोन वाजला. धाकटा भाऊ उत्कर्ष होता. तो याच कारखान्यात खोकी भरायचा. त्या दिवशी त्याची सुट्टी होती. घरात मोटारसायकल एकच, आणि त्याला मानोऱ्याला कबड्डीचा सामना खेळायला जायचं होतं.

"दादा, काहून येऊन नाई राह्यला? चार वाजता सामना हाय माहा!"

"उशीर होते आज. मशीन पुन्हा तापवा लागते."

"तुह्या बाटलीले ताप आला का? लय मोठा डॉक्टर झाला तू! ये लवकर, नाई त मी बोलणारच नाई तुह्यासंग."

अश्वजित हसला. "नको बोलू. पण तीस मिनिटं म्हंजे तीस मिनिटं, लेका."

त्यानं फोन ठेवला आणि बटण दाबलं. पडद्यावर शून्य आलं. त्यानंतर त्यानं सगळी तीस मिनिटं उभ्यानं मोजली. पाणीही प्यायला नाही. पण नोंद करणाऱ्या यंत्रातला कागद मधेच संपला होता, आणि पडद्यावर डोळे खिळवलेल्या त्याच्या ते ध्यानातच आलं नाही. दुसरी मोजणी कुठेच छापली गेली नाही.

मशीन सुरू झाल्यावर पहिल्या तीन बाटल्या नमुना म्हणून काढल्या. त्यातली एक मी. अश्वजितनं स्वतः आम्हाला उबेच्या खोलीत नेऊन ठेवलं. तिथे सात दिवस बाटल्या गरम ठेवतात. एखादा जंतू जिवंत राहिला असेल तर तो वाढतो, आणि बाटली फुगते.

सगळं आवरून तो निघाला तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. घरच्या वाटेवर, वाशीमजवळच्या मालेगावच्या पुढे, दिवस बुडताना, रस्त्यावर रोही, म्हणजे नीलगाईचा नर, आडवा आला. मोटारसायकल त्याच्यावर आदळली. अश्वजित घरी पोचला नाही.

हे मला पाचव्या दिवशी कळलं. त्या दिवशी उत्कर्ष कामावर आला आणि खोकी सोडून सरळ उबेच्या खोलीत शिरला. डोळे सुजलेले. बाहेर चर्चा चालली होती. रामधनभाऊ वाईट माणूस नाहीत, पण त्यांना वाटत होतं की त्यांच्या सांगण्यावरून पोरानं मशीन तसंच सुरू केलं. कागदावर मोजणी बाविसाव्या मिनिटालाच तुटली होती. "भावाचा फोन आल्ता, घाईत होता बिचारा," असं कुणीतरी म्हणालं होतं, आणि ते उत्कर्षनं ऐकलं होतं.

मला ओरडून सांगावंसं वाटलं, नाही रे, तुझ्यासाठीही त्यानं घाई केली नाही. पण आम्हा बाटल्यांना तोंड असून आवाज नाही.

त्यानं माझ्या शेजारची बाटली उचलली. झाकण फिरवलं. कट्. त्यानं वास घेतला. वेलचीचा गोड वास. त्याचा चेहरा उजळला. "चांगलं हाय! दादा, चांगलं हाय दूध!" तो रडत रडत हसला, झाकण पुन्हा बसवलं आणि बाटली जागेवर ठेवून निघून गेला.

जिथे माणसाच्या श्वासालाही बंदी, तिथून आलेली ती बाटली. तिच्यात आता बाहेरची हवा गेली होती.

सातव्या दिवशी तपासनीस सरिताताई आल्या, तेव्हा ती फुगून टम्म झाली होती. दारात रामधनभाऊ हळहळले, "मले वाटलंच होतं."

उत्कर्ष मागेच उभा होता. तो गप्प राहिला असता तर त्याची नोकरी शाबूत होती, भावाचं नाव मात्र गेलं असतं. तो पुढे आला. "ताई, थे म्या उघडली होती. परवा. माह्या हातानं नासली थे."

सरिताताईंनी झाकणाखालचं तुटलेलं कडं पाहिलं. "कायले उघडली रे?"

"वास पाहाले. दादानं माह्यापायी घाई केली का, थे पाहाचं होतं."

त्यांनी फुगलेली बाटली बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "नाकानं नाई समजत हे. दोन राह्यल्या अजून. दम धर."

दुसरी बाटली त्यांनी, हवेतले जंतू शिरू नयेत म्हणून, ज्योतीशेजारी उघडली आणि दुधाचे थेंब काचेच्या बशीत पसरले. दोन दिवस बशी उबेत राहिली. तिसऱ्या दिवशी त्यांनी उत्कर्षला बोलावून ती दाखवली. कोरी. जंतूंचा एक ठिपका नाही.

"तुह्या भावानं पुरे तीस मिनिटं मोजले," त्या म्हणाल्या.

रामधनभाऊंनी डोक्यावरची टोपी काढली. "मी म्हटलं होतं त्याले, जाऊ दे म्हून. ऐकलं नाई माहं," एवढंच ते बोलले.

नमुन्याला हात लावला म्हणून उत्कर्षला पंधरा दिवस घरी बसवलं. जाताना सरिताताईंनी साहेबांची सही घेऊन मला त्याच्या हातात दिलं.

आता मी किन्हीराजात आहे. बुद्धांच्या मूर्तीजवळ अश्वजितचा फोटो आहे, त्याच्यापुढे मी. उत्कर्ष मला रोज पुसतो, पण उघडू देत नाही. परवा, अश्वजितच्या स्मरणविधीची तयारी करताना, त्याची आई धुरपताबाई म्हणाली, "पुण्यानुमोदनाची खीर करू, त्यात घाल हे दूध." तो ओरडला, "हात नको लावू तिले! दादाच्या हातची शेवटची हाय थे."

आई मग बाजूला झाली. जाता जाता एवढंच म्हणाली, "त्यानं थे प्याले केली होती, ठेवाले नाई."

उत्कर्ष, माझ्या मानेवरची तारीख तू वाचली आहेस. ती आली की मीही संपेन, आणि मग माझ्यात तुझ्या दादाचं काहीच उरणार नाही. मला बंद केलं ते दूध नासू नये म्हणून, कुणी पिऊ नये म्हणून नाही. तुझा फोन आला तेव्हा तो हसला होता. मी पाहिलं आहे. रागावला नव्हता.

तो रोही तुझ्या बोलावण्यानं आला नाही. तू एकदा फोनवर घाई केलीस, एकदा बाटली उघडताना केलीस. घसरला आकडा. मग तुझ्या दादानं काय केलं असतं, ते तुला माहीत आहे.

आज खिरीचं पातेलं चुलीवर आहे. झाकण फिरव. आणि मोजणी शून्यापासून सुरू कर.