सत्तेचाळीस नंबरचं हाड

दंडाच्या हाडात रक्तवाहिनी शिरायला बहुधा एकच छिद्र असतं, फार तर दोन. अक्षता हेब्बारला सत्तेचाळीस नंबरच्या हाडात तीन सापडली होती, आणि सगळा शरीररचना विभाग तिचं कौतुक करून थकला होता.

उद्या तिच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा. बाहेरचे परीक्षक म्हणजे तिच्या मार्गदर्शक जयशीला मॅडमचे खुद्द गुरू. आणि आज दुपारी, शेवटची नजर म्हणून भिंग लावलं, तर अक्षताला वेगळंच दिसलं. बाकी सगळी छिद्रं कोपराकडे तिरकी शिरत होती, कडेला वाहिनीची बारीक पन्हळ होती. हे तिसरं सरळ आत गेलेलं, कड स्वच्छ, पन्हळीचा पत्ता नाही. सुई घालून आत जाते का एवढंच तिने तेव्हा पाहिलं होतं. एका दिवसात ऐंशी हाडं उरकायची तर दुसरं काय होणार!

ती तडक हाडांच्या खोलीत गेली. चनियण्णा गोळीबजे, मैद्याची गोल भजी, खात बसला होता. चौतीस वर्षं याच खोलीत हाडं सांभाळत काढलेला मदतनीस.

"अण्णा, हे बघा जरा."

त्याने हात पुसले, हाड उजेडाकडे धरलं. "हे होय? हे माझंच. गिरमिटानं पाडलंय. पत्र्याचा नंबर अडकवायला तार खोचून बघितली होती. एकाच हाडाला दमलो, मग सगळ्यांवर शाईनं लिहायला लागलो. तोंड का उतरलं, अक्का?"

अक्षताने हाड परत घेतलं. प्रबंध बांधून झाला होता. गप्प बसलं तर कोणाला कळणार होतं? पण उद्या गुरूंनी भिंग मागितलं तर? मग मात्र चनियण्णाला घेऊन ती मॅडमच्या खोलीत शिरली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली.

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हाड हातात घेतलं, सुई घातली, काढली. मग कपाटातून एक जुना, करड्या पुठ्ठ्याचा प्रबंध काढून तिच्यापुढे उघडला. बावीस वर्षांपूर्वीचा, त्यांचा स्वतःचा. छायाचित्रात तेच हाड, तिसऱ्या छिद्राकडे बाण केलेला.

"या बाणावर मी डॉक्टर झाले गं," त्या म्हणाल्या. "उद्या येणारे सरच तेव्हा ते वर्गावर्गात दाखवायचे. तुलाही तीन मिळाली तेव्हा वाटलं, माझंच खरं ठरलं." मग चनियण्णाकडे वळून, "तुम्हाला ठाऊक होतं ना? मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुम्ही कुठं विचारलंत, मॅडम? हाडं मोजायला सगळे येतात. मला विचारायला ही पहिलीच आली."

मॅडमनी जुना प्रबंध मिटला. मग पेनचं टोपण काढून त्यांनी अक्षताच्या तक्त्यातला तीनचा आकडा खोडला, दोन लिहिलं आणि शेजारी सही केली.

"उद्या परीक्षकांपुढे तू तुझी चूक सांग. घाबरू नकोस."

"आणि सरांनी तुमच्या प्रबंधाचं विचारलं तर?"

"ते विचारायच्या आधी मीच सांगेन," मॅडम म्हणाल्या. पेनाला टोपण मात्र त्यांना काही केल्या बसवता येत नव्हतं. शेवटी अक्षतानेच ते हातातून घेतलं आणि लावून दिलं.