आंधळ्यालाही दिसेल असा करगा

भैयाजी आणि त्याचा पोरगा भुपेंद्र यांचं त्या दिवशी वाजलं ते अर्ध्या गावाने ऐकलं. मी पूर्ण ऐकलं. त्यांच्या आणि माझ्या अंगणात फक्त तुराट्यांचं कुंपण आहे, आणि तुराट्या काही आवाज अडवत नाहीत.

"बाबा, हे शेवटचं साल," भुपेंद्र म्हणत होता. तो वरठीच्या कारखान्यात जातो. ड्युटीवरून आला, की आवाज बसायला त्याला जरा वेळ लागतो. "दोन साल झाले, खालच्या बांधीतून तणसाशिवाय घरी काही आलं नाही. यंदा पोते आले तं बांधी राहू द्या. नाही आले तं दिवाळीनंतर म्या तठी जेसीबी लावतो न मच्छीचं तळं खोदतो."

"मच्छी कोन पकडन? तुहा बाप?"

"जिजामावशी पकडन. तिच्या घरचं कामच आहे ते."

"बांधी तुह्या आज्यानं डोक्यावर माती वाहून बांधली रे."

"आज्यानं बांधली, पर करग्यानं खाल्ली न!"

यावर भैयाजी उठून बांधीकडे, म्हणजे धानाच्या त्या वावराकडे, निघून गेला. रागाने नव्हे. पोरगा खरं बोलत होता म्हणून.

हा करगा काय ते सांगतो. करगा म्हणजे रानचं धान. पात धानासारखी, कांडी धानासारखी, उंची धानासारखी. निंदायला बसलेल्या बाईने नाक लावून पाहिलं तरी कळायचं नाही. कळतं कधी, तर लोंबी बाहेर पडल्यावर. तिला हे लांब कुसळ. आणि आपलं धान पिकायच्या आधीच तो पिकतो, वारा आला की दाणे खाली टाकतो आणि पुढच्या सालची सोय करून मोकळा होतो. रोवणा केला, म्हणजे चिखल करून रोपं लावली, तर जरा आटोक्यात राहतो. पण रोवण्याला बाया मिळेनात, म्हणून भैयाजीने आवत्या धरला, म्हणजे बी सरळ फेकून द्यायचं. करगा तेवढ्याचीच वाट पाहत होता.

गंमत अशी, की हेच गवत तलावाच्या काठाला उगवलं, की त्याला देवधान म्हणतात. ऋषिपंचमीला आमच्या बाया बैलाच्या कष्टाचं खात नाहीत, तेव्हा त्या दिवशी भात याचाच. म्हणजे तलावात असेपर्यंत तो देव. धुरा, म्हणजे बांध, ओलांडून बांधीत आला, की त्याच्या सात पिढ्या उद्धरायच्या.

खालच्या बांधीवर भैयाजीचा फार जीव होता. तलावाखालची काळी माती, पाऊस गेला तरी ओल धरून राहणारी. घरचा भात तिथलाच. दुसऱ्या बांधीचा भात ताटात आला, तर हा पहिल्या घासालाच ओळखायचा आणि बायकोकडे पाहायचा. रोज संध्याकाळी धुऱ्यावर जाऊन बसायचा. काम काही नसायचं. नुसता बसायचा. त्या जागी मच्छीचं तळं होणार, म्हणजे त्याने बसायचं कुठे, हा खरा प्रश्न होता.

तेव्हा त्याने एक उपाय केला. त्याचा साळा छत्तीसगडात राहतो. तिकडे करग्यावर एक युक्ती करतात. जांभळ्या पातीचं धान पेरतात. धान जांभळं, करगा हिरवा. हिरवं दिसेल ते उपटायचं, संपला विषय. भैयाजीने साळ्याकडून ते बी आणलं आणि कुणाला कळू न देता फेकलं. कुणाला म्हणजे बायकोलासुद्धा नाही. कारण मागे एकदा त्याने करगा खायला बांधीत बदकं सोडली होती. बदकांनी करगा तेवढा ठेवला. त्यानंतर वर्षभर लोक त्याला पाहिलं की क्वॅक क्वॅक करायचे. तेव्हा यंदा झाकली मूठ सव्वा लाखाची. उगवून आलं, की गावाला दाखवू, असं त्याने ठरवलं होतं.

उगवलंही छान. रोपं लहान होती तोवर वाटेवरून धुऱ्याआड राहायची, जवळ जाणारा मी एकटा. मी विचारलं, "भैयाजी, बांधीत हे जांभळं काय उगवलं गा?" तर म्हणाला, "पाह्यशीन आता." आणि हसला. बदकांच्या वेळीही असाच हसला होता, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

श्रावणात निंदायची वेळ आली. जिजाबाईच्या टोळीला मोठी मागणी. तलावातल्या मासोळीवर आता घर चालत नाही, म्हणून जिजाबाई पावसाळ्यात बाया घेऊन निंदायला फिरते. तिने भैयाजीला एकच दिवस दिला. त्या दिवशी आपण स्वतः धुऱ्यावर उभं राहून रंगाची गोष्ट सांगायची, बायांची तोंडं पाहायची, हा त्याचा बेत. आणि नेमकं त्याच सकाळी मोहाडीहून बोलावणं आलं. तहसीलात ज्या साहेबाला भेटायला तो चैत्रापासून चकरा मारत होता, तो साहेब आज जागेवर होता.

असा दिवस आयुष्यात पुन्हा येत नाही. भैयाजीने जिजाबाईच्या दारात गाडी उभी केली. बंदसुद्धा केली नाही.

"जिजाबाई, यंदा करगा आंधळ्यालेही दिसन असा आहे. सप्पा उपडा. एक ठेवू नोका."

"तुमी काही चिंता करू नोका, भाऊ."

आणि भैयाजी चिंता न करता मोहाडीला गेला.

मी माझ्या बांधीत होतो. बाया उतरल्या आणि पहिल्यांदा थोडा वेळ नुसत्या पाहत राहिल्या.

"मायबाई!" उषाबाई म्हणाली. टोळीत ती सगळ्यांत म्हातारी. "असा करगा म्या जन्मात नाही पाह्यला. वांग्यावानी रंग!"

"भाऊ खोटं नाही बोलले," जिजाबाई म्हणाली. "आंधळ्यालेही दिसते. चाला, हात चालवा."

हात असे चाललेले मी त्या सालात पाहिले नाहीत. दरवेळी धान की करगा म्हणून थांबायचं, वाकून पाहायचं, वाद घालायचा. आज वादच नव्हता. गाणी म्हणत बायांनी जांभळं उपटलं आणि धुऱ्यावर ढीग घातले. वारुळाकडच्या कोपऱ्यात तेवढा साप दिसला म्हणून तो कोपरा सोडला. दुपार टळायच्या आत बांधी हिरवीगार. मी माझ्या धुऱ्यावरून म्हणालो, "काम असावं तं असं!" चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती डोळ्यांसमोर चालली होती, आणि मी वाहवा करत होतो.

भैयाजी परतला तेव्हा बाया पाय धूत होत्या. तो धुऱ्यावर चढला. ढिगाकडे पाहिलं. बांधीकडे पाहिलं. मग पुन्हा ढिगाकडे पाहिलं आणि त्याच्या शेजारी खाली बसला.

"हे काय केलं, जिजाबाई?"

"करगा काढला न, भाऊ."

"हे धान होतं."

जिजाबाईने हातातलं पाणी तसंच सांडू दिलं. "न हे हिरवं?"

"करगा."

"सप्पा?"

"सप्पा."

जिजाबाई ढिगातली रोपं उलटीपालटी करून पाहू लागली. शेवटी उषाबाईला राहवलं नाही. "धान हिरवं रायते, बाप्पा. जलमभर हिरवंच पाह्यलं. जांभळं पेरलं होतं तं सांगाचं नाही का?"

"सांगनारच होतो," भैयाजी म्हणाला.

मग जे व्हायचं तेच झालं. बायांनी पदर खोचले आणि अंधार पडेपर्यंत उपटलेलं धान परत चिखलात खोचलं. जिजाबाई खोचत होती आणि डोळे पुसत होती, चिखल तिच्या गालाला लागत होता. तिने मजुरी घेतली नाही आणि ही गोष्ट गावात बोलायची नाही, असं टोळीला बजावलं. भैयाजी तिला एक शब्द वाकडा बोलला नाही, हे मी त्याच्या बाजूने सांगून ठेवतो. दिवसभर उन्हात पडलेल्या त्या रोपांनी दुसऱ्या दिवशी माना टाकल्या. वारुळाकडचा कोपरा तेवढा जांभळा राहिला, सापाच्या कृपेने.

पुढचा दीड महिना फार वाईट गेला, कारण बांधी फार सुंदर दिसत होती. मधलं जांभळं गेल्याने करग्याला मोकळी जागा मिळाली आणि तो असा फुटला, की वाटेने जाणारे थांबायला लागले. एका संध्याकाळी भुपेंद्रसुद्धा वरठीहून येताना गाडी थांबवून उभा राहिला. बाप धुऱ्यावर बसला होता.

"बाबा, जमलं तुमचं यंदा. म्या उगाच बोललो त्या दिवशी."

भैयाजी म्हणाला, "होय." पोराला सांगायला त्याची जीभ उचलली नाही. मीही सांगितलं नाही. काही गोष्टी लोंबी पडल्यावर कळलेल्या बऱ्या.

त्यातच ऋषिपंचमी आली. दरवर्षी सकाळी आघाड्याच्या काड्या आणि देवधान जिजाबाई घरोघर पोचवायची. त्या साली तिने नुसत्या काड्या आणल्या. आदल्या सालच्या उन्हाळ्यात मशिनी लावून तलाव खोल केला होता. काठ असा कापला, की पाणी भरपूर आणि उथळ जागा कुठेच नाही. देवधानाला उथळ लागतं. मागलं देवधान संपलं होतं आणि नवं उगवलंच नाही. गावच्या बायांनी नुसती भाजी खाऊन उपास काढला. ललिताबाई, म्हणजे भैयाजीची बायको, कुंपणाजवळ येऊन माझ्या बायकोला म्हणाली, "पन्नाशी आली, पर बिनभाताची पंचमी पहिल्यांदा पाह्यली वो."

पुढे बांधीतली लोंबी बाहेर पडली. लांब कुसळ, लालसर दाणा. भुपेंद्रने पाहिलं, काय ते समजला आणि जेसीबीवाल्याला फोन लावला. बापाशी भांडला नाही. भांडला असता तर भैयाजीला बरं वाटलं असतं.

त्याच सकाळी जिजाबाई बांधीवर आली. भैयाजीचं तोंड ती दीड महिना टाळत होती. तिने एक लोंबी हातात धरली, दाणा दाताखाली घातला.

"भाऊ, हे तं देवधान आहे."

"करगा आहे, जिजाबाई."

"तलावात असतं तं काय म्हंतलं असतं तुमी?"

तिने आणखी दोन लोंब्या खुडल्या. जिजाबाई तशीच ललिताबाईकडे गेली, आणि दुपारी आमच्या अंगणाला लागून बायांची पंचायत बसली. उषाबाई मधोमध.

"बांधीत नांगर चालला न पर," उषाबाई म्हणाली. "नांगरल्या जमिनीचं पुढच्या पंचमीले कसं चालन?"

"नांगर कोनाचा?" जिजाबाईने विचारलं. "टॅक्टरचा. बैल होता काय तठी?"

"बैल तं इकून टाकले आमी," ललिताबाई म्हणाली.

"मंग बैलाचे कष्ट कोठी आहेत?"

उषाबाईने विचार केला. "पेरलं कोनी?"

"कोनीच नाही. भाऊनं पेरलं ते आपन उपडून टाकलं," जिजाबाई म्हणाली.

"मंग चालते," उषाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून बाया बांधीत उतरल्या. दाणे झडू नयेत म्हणून लोंब्यांच्या जुड्या बांधल्या. तलावात असंच करत. पिकल्यावर पहाटेच्या दवात टोपल्यांत झटकून घेतल्या. करग्याचा दाणा भैयाजीच्या अंगणात वाळताना आणि पोत्यांत भरताना मी पहिल्यांदाच पाहिला. बाजूच्या दोन गावांतून बाया मागायला आल्या.

दिवाळी झाली आणि जेसीबी आला. ललिताबाई बांधीच्या वाटेवर उभी होती.

"यंदा पोते आले तं बांधी राहीन, असं तूच म्हंतलं होतं न बाबू?"

"आई, ते पोते धानाचे!"

"कोनतं धान, ते कोठी ठरलं होतं?"

भुपेंद्रने बापाकडे पाहिलं. बाप आभाळाकडे पाहत होता. मागे उषाबाई, जिजाबाई आणि सगळी टोळी उभी होती. पोरगं शहाणं आहे. त्याने जेसीबीवाल्याला चहा पाजला आणि परत पाठवलं.

बांधी वाचली. मात्र उषाबाईने एक अट घातली, की आता तिथे नांगर लावायचा नाही, ट्रॅक्टरचाही नाही. देवाचं काम आहे, उगाच संशय नको. म्हणजे ज्या बांधीसाठी भैयाजीने एवढं केलं, तिच्यात आता त्याला काही पेरता येत नाही. तिथला भात वर्षातून एकदा, पंचमीला. तोही उपासवाल्या बायकोच्या ताटातून, तिने दिला तर. संध्याकाळी धुऱ्यावर बसतो मात्र. ती जागा कुणी घेतली नाही.

यंदा श्रावणात मी माझ्या बांधीत होतो. पलीकडे भैयाजी कमरेत वाकून निंदत होता, एकटाच. वारुळाकडच्या कोपऱ्यातलं जांभळं धान मागल्या साली कुणी कापलं नव्हतं. त्याचे दाणे पाखरांनी आणि पाण्याने बांधीभर नेले होते, आणि आता हिरव्या देवधानात जागोजागी जांभळी रोपं उभी होती. चांगली तरारलेली. तो एकेक मुळासकट ओढत होता, मुळं झटकत होता आणि धुऱ्यावर टाकत होता.

वरठीहून येणाऱ्या भुपेंद्रने गाडी थांबवली. "बाबा, काय उपडून राहिले?"

भैयाजीने मान वर केली नाही.

"करगा," तो म्हणाला.