मावशीचा श्वास मी ऐकला होता

मी बोलतोय, बैठकीच्या टेबलावरचा स्पीकर-फोन. दचकू नका. आजवर माझ्यातून दुसरेच बोलले, आज माझी वेळ. आणि आधीच सांगून ठेवतो, माझं डोकं फिरलंय. गोड बोलणं जमणार नाही.

माझ्या पोटात चार दिशांना चार माइक आहेत. ते बसवणारी बाई म्हणाली होती, "याला मुंगीची चाहूलसुद्धा लागेल." खोटं नव्हतं ते. माझ्याच पेटीतला माझा जुळा भाऊ गेला दूरदेशी, पत्र्याच्या डब्यांची झाकणं कापणाऱ्या एका कारखान्यात. मी आलो त्याच कारखान्याच्या मुख्य कचेरीत. दर मंगळवारी सकाळी आम्हाला जोडायचे.

इकडे टेबलाच्या टोकाला साहेब. तिकडे कामगारांच्या वतीने, प्रेस मशीनवर तीस वर्षं काढलेली एक बाई, तिला सगळे मावशी म्हणत. त्याच प्रेसवर आता तिची सख्खी भाची बसायची. आणि मध्ये, साहेबांच्या शेजारी, आमची दुभाषी. दोन्ही भाषा घडाघडा बोलणारी पोरगी.

इकडच्या माणसांना शांतता सोसत नाही. तीन सेकंद कुणी बोललं नाही की यांना चैन पडत नाही. लगेच "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?" आणि माझ्या टाळक्यात चापट! अहो, आवाज येतोय, बोलायला माणूस तर तयार होऊ दे!

तिकडची रीत अगदी उलटी. मोठ्या माणसाने काही विचारलं, तर फटकन उत्तर देणं म्हणजे उद्धटपणा. प्रश्न नीट ऐकायचा, मनात घोळवायचा, लांब श्वास घ्यायचा आणि मग तोंड उघडायचं. सात-आठ सेकंद सहज जातात. मी मोजलेत ना, दोन वर्षं! दुभाषीने हे साहेबांना चहा पिता पिता समजावूनही सांगितलं होतं. साहेब हसले. "अगं, मौन म्हणजे संमती. हे शाळेत शिकवत नाहीत का तिकडे?"

मग तो मंगळवार आला.

त्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच पातं खाली यायचं, म्हणजे हात आपोआप बाहेर राहायचे. साहेबांनी टूम काढली, बटणं काढा आणि पायाशी पेडल बसवा. हात मोकळे राहतील, झाकणं भराभर निघतील. फळ्यावर बाण काढून झाले, माना डोलावून झाल्या. मग साहेबांनी विचारलं, "कुणाला काही शंका?"

दुभाषीने ते तिकडे पोचवलं. एक. दोन. तीन. मावशीची खुर्ची करकरली. चौथ्या सेकंदाला तिने श्वास घेतला. मी ऐकला तो श्वास! बोलण्याआधीचाच होता.

"नाही ना? उत्तम. पुढचा मुद्दा."

"साहेब, जरा थांबा, त्या काहीतरी..." दुभाषी म्हणाली.

"बोलायचं असतं तर बोलल्या असत्या. दहा मुद्दे बाकी आहेत." आणि टिपणात लिहिलं गेलं, सर्वांची संमती.

मावशी तिकडच्या मॅनेजरकडेही गेली. तो म्हणाला, "वरून ठरलंय. टिपणात तुमचीच संमती आहे." आता साहेबांना सगळ्यांसमोर खोटं पाडणं तिच्या रीतीत बसत नव्हतं. तीस वर्षांत तिने कुणाला असं पाडलं नव्हतं. तिने भाचीला बजावलं, "पोरी, जपून गं." पेडल बसलं.

तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी जोडणी झाली, तेव्हा तिकडून फक्त मावशी होती. म्हणाली, "माझ्या भाचीची तीन बोटं गेली."

माझ्या पोटातले चारही माइक जळाले असते तर बरं झालं असतं.

आणि साहेब काय म्हणाले? "मग त्याच वेळी बोलायचं होतं ना तुम्ही!"

मावशी गप्प. साहेबांनी तीनपर्यंत दम धरला. मग "हॅलो? हॅलो?" आणि माझ्या टाळक्यात चापट. त्या दिवशी मला हात असते ना, तर मी ती चापट व्याजासकट परत केली असती.

साहेब गेल्यावर दुभाषी एकटीच बसून राहिली. तिने पुन्हा जोडणी केली आणि विचारलं, "मावशी, त्या दिवशी तुम्हाला काय सांगायचं होतं?" आणि थांबली. खरोखर थांबली. मी नऊपर्यंत मोजलं. मग मावशी बोलू लागली. "पत्रा तिरका बसला की तो सरळ करायला हात आपसूक आत जातो गं. बटणं होती म्हणून वाचत होतो." मॅनेजरचं सांगितलं, भाचीचं सांगितलं. अर्धा तास ती बोलत होती आणि दुभाषी मान खाली घालून लिहीत होती. दोन वर्षांत एवढं कुणी तिला बोलूच दिलं नव्हतं.

ते कागद दुभाषीने साहेबांच्या टेबलावर ठेवले. चौकशीत निघालं काय, तर "यंत्रात बिघाड, आवाज नीट पोचला नाही." म्हणजे मी! चोर सोडून संन्याशाला फाशी! माझी वायर कापली आणि मला याच खोलीतल्या कपाटात कोंबलं. टेबलावर आता नवा, चकचकीत फोन आलाय. म्हणे यात अजिबात खरखर येत नाही. अरे, खरखर कुणाला नडली होती?

माझं म्हणणं एवढंच आहे. जग जोडलं म्हणून छाती फुगवता ना? मग विचारलंत तर थांबा. समोरच्याने तुमच्यासारखंच घाईने बोलावं, ही सक्ती कुणी केली? थांबवत नसेल, तर विचारूच नका. निदान "संमती" तरी लिहू नका.

आज मंगळवार. कपाटाच्या दाराआडून सगळं ऐकू येतंय. पेडल तसंच ठेवायचं ठरतंय, शेजारी भिंतीवर "सावधान" अशी पिवळी पाटी लावून. भाचीच्या जागी नवी मुलगी बसली आहे म्हणे.

"कुणाला काही शंका?" साहेब विचारतायत.

एक. दोन. तीन. अहो थांबा! मावशी श्वास घेतेय!

"नाही ना? उत्तम."