ऑर्किडच्या कुंडीतलं पाणी

आईच्या खिडकीतलं ऑर्किड मेलं की बोलणी योरीननं खायची, हा आता नियमच झाला होता. तिचा गुन्हा एवढाच, की नाल्डवाइकच्या काचघरांत ती सव्वीस वर्षं ऑर्किडं वाढवत होती.

बुधवारी पाळी संपवून, दुखरी कंबर घेऊन ती सायकलवरून आली, तर दारात तिची आई ट्रुस कमरेवर हात ठेवून उभी.

"आलीस? बघ तुझी लाडकी. पुन्हा माना टाकल्यात. कसला माल काढता गं तुम्ही लोक?"

"माल चांगला असतो, आई."

"चांगला म्हणे! वर्षात चौथी जोडी ही."

जोडीच लागायची. रस्त्याकडच्या खिडकीत दोन सारख्या कुंड्या, दोन सारखी झाडं आणि पडदे सताड उघडे. अख्ख्या गल्लीत तसंच. येणाराजाणारा आत डोकावतो, आणि वाळकी काडी दिसली की या घरातल्या बाईचं आता होत नाही, असं समजून पुढे जातो. योरीनच्या भावाला, रूलॉफला, तेवढंच निमित्त हवं होतं. आई ब्याऐंशीची, एकटी राहते, तिला वृद्धाश्रमात हलवू या, असं दोन वर्षं त्याचं टुमणं चालू होतं. योरीन म्हणायची, आई ठणठणीत आहे, मी बघते ना. तिच्या त्या शब्दावरच आई या घरात होती.

आता खरं सांगायचं तर ऑर्किडांचं कुणाच्याच घरी काही खरं नसतं. काचघरात त्यांचे कोण लाड! सारखी ऊब, दमट हवा, मोजून पाणी. तिथून उचलायचं आणि खिडकीत ठेवायचं, पुढे गार काच, खाली रखरखीत हीटर. रानात झाडाच्या सालीला धरून वाऱ्यावर जगणारी ती मुळं, आपण ती बिनभोकाच्या शोभेच्या कुंडीत कोंबतो. योरीन हे सांगून सांगून थकली होती. हीटर कमी कर म्हटलं, की आई म्हणणार, मग मी गारठून मरू का?

आजही हीटरच असणार, असं धरून तिनं कुंडीतलं प्लॅस्टिकचं भांडं वर उचललं. ते जडशीळ लागलं. कुंडी काठोकाठ पाण्यानं भरलेली, त्याला कुबट वास. तहानलेली मुळं रुपेरी दिसतात, पाणी प्यायलेली हिरवी. ही तपकिरी होती, आणि बोट लावताच त्यांचा लगदा झाला. दुसऱ्या कुंडीतही तेच.

"आई, पाणी कधी घालतेस गं?"

"रविवारी. तूच सांगितलंस ना, आठवड्यातनं एकदाच."

"आणि आज?"

"आज घातलं की! रविवार ना आज." आई हसली. "चर्चची घंटा तेवढी ऐकू आली नाही."

योरीननं पाणी ओतून टाकलं आणि ती रिकामी कुंडी मांडीवर घेऊन खुर्चीत बसली. मागच्या तिन्ही वेळी आईनंच झाडं फेकून कुंड्या घासून ठेवल्या होत्या, आणि हिनं हीटरवर खापर फोडून नवी जोडी आणून दिली होती. दिवसाला हजार मुळं तपासणारी बाई, पण आईच्या कुंडीत एकदा डोकावली नाही. डोकावायचंच नव्हतं तिला.

"आज बुधवार आहे, आई."

आईनं झारीकडे पाहिलं. "कालही रविवारच होता ना," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली.

पाण्याचं असं, तर मग शेगडीचं कसं होत असेल? योरीननं फोन काढला.

"रूलॉफला करतेस?"

"हो."

"झाडंच खराब निघाली म्हण ना. निघतात कधी कधी."

म्हणता आलं असतं. दोन वर्षं असलंच काही ना काही म्हणत आली होती ती, आणि आता तिच्यात त्राण उरलं नव्हतं.

"रूलॉफ, शनिवारी ये तू," ती म्हणाली. "तुझंच खरं होतं रे."

आईनं तिच्या मांडीवरची ओली कुंडी काढून घेतली, आणि आपल्या स्वेटरनं पुसत राहिली.

"त्याला एवढं सांग," ती म्हणाली, "तहानलेलं मात्र कुणाला ठेवलं नाही मी."