पडवीत बसलेलं दुखणं

थंडीतल्या सकाळी अलोऱ्याच्या दरीतलं धुकं अजून उन्हाला वाट देत नसे, तेव्हा इंदुमावशी चुलीपुढे बसून गरम पाण्याच्या पातेल्यात दोन्ही हात बुडवून ठेवायची. वाफ तिच्या चेहऱ्यावर चढायची, डोळे मिटलेले असायचे, आणि ओठांतून एक सूर इतका बारीक निघायचा की तो तिचा की चुलीवर तापणाऱ्या पाण्याचा, हे मला पुष्कळदा उमगत नसे. बोटं वळायला राजी होईपर्यंत तो सूर चालू राही. मग ती हात पदराला पुसून एकेक बोट सरळ करून पाही, जसा बाजारपेठेतला दुकानदार सकाळी एकेक फळी काढून दुकान उघडतो. कुठली फळी आज निघणार नाही, ते तिला आधीच ठाऊक असे.

ती माझ्या आईची धाकटी बहीण. काका कोयना प्रकल्पात नोकरीला होते, म्हणून लग्नानंतर ती इथे आली. पुढे काका वारले, प्रकल्पाच्या वसाहतीतली माणसंही हळूहळू पांगली, रिकाम्या खोल्यांच्या खिडक्यांतून वेली आत शिरल्या. मावशी मात्र राहिली. मी इथल्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले तेव्हापासून तिच्याच घरी असते. त्यामुळे तिचं गाणं मी व्यासपीठासमोर बसून जितकं ऐकलं, त्याहून अधिक भिंतीपलीकडून ऐकलं आहे.

भीमजयंती, बुद्धपौर्णिमा, लग्न, नामकरण, कुणी गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन; चिपळुणापासून वेळणेश्वरापर्यंत आमच्या समाजातलं कुठलंही कार्य असो, तिच्या पेटीचा सूर लागल्याशिवाय त्याला रंग भरत नसे. बाई पेटी वाजवते आणि स्वतःच गाते, याचं सुरुवातीला लोकांना नवल वाटे, नंतर त्यांना त्याची सवय झाली. तिचा आवाज गोड नव्हता. तो जांभ्या दगडासारखा होता, खरबरीत, तांबूस, आणि हवा लागेल तसतसा अधिक घट्ट होत जाणारा. त्या आवाजाला टेकून कितीतरी माणसं आपापलं रडून घेत.

संधिवात आला तो दबक्या पावलांनी. आधी सकाळचा ताठरपणा, मग मनगटाची सूज, मग उजव्या हाताची शेवटची दोन बोटं अशी वाकली की पुन्हा सरळ झालीच नाहीत. गुडघ्यांनीही साथ सोडली. औषधांनी दुखणं ओसरायचं, पण भरती-ओहोटीसारखं परतायचं. डॉक्टरांनी पेटी बंद करायला सांगितली, तेव्हा तिने त्यांचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर पेटीवरचं कापड काढलं. बोलावणी हळूहळू थांबली. लोक भेटले की हातांकडे बघत, गाण्याविषयी विचारत नसत. ते न विचारणं तिला सुजेपेक्षा जास्त ठणकत असावं.

त्या हिवाळ्यात विहार समितीचे गंगारामदादा आमच्याकडे आले. चांगला माणूस, मावशीच्याच वयाचा, तिच्या गाण्यांवर जीव असलेला. बुद्धपौर्णिमेला तिचा सत्कार करायचं समितीने ठरवलं होतं.

"तू नुसती खुर्चीवर बस, इंदू," ते म्हणाले. "तुझी गाणी आपल्या पोरी गातील. तुला काय करायचा नाय."

मावशी चहा ओतत होती. कप दोन्ही तळव्यांत धरून तिने त्यांच्यापुढे ठेवला.

"दादा, सत्कार संपलेल्या माणसाचा करतात. मी संपले नाय."

"तसा नाय गो. तुझ्या हाताला त्रास नको म्हणून..."

"हात माझा आहे. त्रासपण माझाच. माझ्याकडे नवी गाणी आहेत. ती ऐकणार असाल तर येते. नायतर शाल दुसऱ्या कुणाला घाला."

गंगारामदादा चहा पिऊन निघून गेले. मी मावशीकडे पाहत राहिले, कारण नवी गाणी आहेत हे मलाही ठाऊक नव्हतं.

ती खरंच होती. जागरणात, दुपारच्या एकांतात, तिने ती मनातल्या मनात रचली होती. रस्त्याच्या कामावर डोक्यावरून माती वाहणाऱ्या तिच्या आईचं एक होतं. मुंबईला गेलेल्या नवऱ्यांशी फोनवर भांडून मग लाजणाऱ्या बायकांचं एक होतं. आणि एक होतं थेट दुखण्याला उद्देशून.

आलंस तर बस, दुखण्या, पडवीत बस,
माजघरात गाणं आहे, तिथं येऊ नकोस.

ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. त्यात विनवणी नव्हती, कण्हणं नव्हतं. दारात आलेल्या आगंतुकाला त्याची जागा दाखवणाऱ्या घरधनिणीचा करारी स्वर होता.

गाणी ध्वनिमुद्रित करून इंटरनेटवर टाकायची, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या आधी ती लोकांच्या कानांवर पडतील, असं आमचं ठरलं. तिचा मुलगा प्रदीप मुंबईला असतो. फोनवर म्हणाला, "आई, पेटी कशाला वाजवतेस? संगीत सगळं मशीनवर होतं. तू फक्त गा."

"मग गळापण मशीनचाच घे," ती म्हणाली, आणि फोन माझ्याकडे दिला.

चिपळूणच्या ज्या स्टुडिओत आम्ही गेलो, तो पुरानंतर तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर हलवलेला होता. जिना अरुंद, पायऱ्या उंच. ध्वनिमुद्रण करणारा तरुण, अमोल, तिला खुर्चीसकट उचलून न्यायला तयार होता. तिने मान हलवली. एक हात कठड्यावर, दुसरा माझ्या खांद्यावर ठेवून ती चढली; प्रत्येक वळणावर थांबायची, भिंतीला टेकायची, आणि दम लागल्याचं दिसू नये म्हणून खिडकीतून दिसणाऱ्या वाशिष्ठीच्या पाण्याविषयी काहीतरी बोलायची. वर पोचल्यावर तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. पाणी पिऊन तिने विचारलं, "कुठं बसू?"

पहिलं गाणं नीट झालं. दुसऱ्याच्या मध्यावर भाता ओढणारं डावं मनगट लुळं पडलं. सूर मालवत गेला. तिने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच झालं. काचेपलीकडून अमोल अदबीने म्हणाला, "मावशी, एवढं आता राहू द्या. पेटी मी नंतर कीबोर्डवर भरतो. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळंल," ती म्हणाली.

मग बराच वेळ ती मांडीवरच्या हातांकडे बघत बसली. मला पहिल्यांदाच वाटलं की आता ती हरेल, आणि ती हरली तर मी तिच्याशी काय बोलेन याचीच मला भीती वाटू लागली. पण तिने मान वर केली आणि मला जवळ बोलावलं.

"भाता तू धर. मी श्वास घेते तेव्हा ओढ, मी सोडते तेव्हा सोड. माझ्या पाठीकडं बघ, दुसरीकडं बघू नको."

"मला जमेल का, मावशी?"

"माणसाचा हात आहे. चुकला तरी चालेल."

मी तिच्या शेजारी बसले. तिची पाठ किंचित फुगली की भाता उघडायचा, खांदे उतरले की मिटायचा. तिच्या उजव्या हाताची चालती बोटं पट्ट्यांवर, माझा हात भात्यावर, आणि दोघींच्या मधोमध तो जांभ्याचा आवाज. दुखण्याच्या गाण्याला तिने डोळे उघडे ठेवले. घाम कपाळावरून भुवईत उतरत होता. तो पुसायला तिचा एक हात मोकळा होता, पण तिने पुसला नाही.

गाणी बाहेर आली. प्रदीपने ती ऐकून रविवारी फोन केला. म्हणाला, "पेटी बरी वाजली." मावशीने "हं" म्हटलं आणि त्याच्या जेवणाची चौकशी केली.

बुद्धपौर्णिमेला विहारासमोरच्या अंगणात मांडव होता. शाल-पुष्पगुच्छ टेबलावर तयार होते. गंगारामदादांनी स्वतः पेटी उचलून तिच्यापुढे आणून ठेवली, याहून मोठी कबुली त्यांच्या स्वभावाला शक्य नव्हती. भात्यावर मी बसले, आणि ती गायली. पूर्वीपेक्षा खालच्या पट्टीत, पूर्वीपेक्षा संथ. काहींना ते रुचलं नाही. मागच्या रांगेतली काही माणसं उठून जेवणाकडे गेली, तीही तिने पाहिली आणि गात राहिली. दुखण्याचं गाणं संपल्यावर पुढे बसलेली एक वृद्धा, जिची मान सतत थरथरत असे, म्हणाली, "बाय, ता परत म्हण." मावशीने ते परत म्हटलं. या खेपेला बायका शेवटच्या ओळीत मिसळल्या, आधी चाचरत, मग मोकळ्या गळ्याने, आणि त्या अंगणात कितीतरी घरांमधली दुखणी एकाच वेळी पडवीत नेऊन बसवली गेली.

शाल तिने त्यानंतर घेतली.

जाताना कुणीतरी म्हणालं, "जुनी गाणी बरी होती."

"जुनी आहेतच की," ती म्हणाली. "ती कुठं गेली नायत."

या साऱ्याची किंमत तिच्या शरीराने चुकती केली. नंतर कित्येक दिवस तिचे हात उशीवर ठेवलेले असायचे, भाताचा घास मी भरवायचे. एकदा मी न राहवून विचारलं, "एवढं करायला हवं होतं का?" घास गिळून ती म्हणाली, "न गाताही दुखलंच असतं गो." त्यात तक्रार नव्हती, शौर्याचा आवही नव्हता, आज वारा कुठला आहे हे सांगावं तसं ते सांगणं होतं. सूज उतरल्यावर ती पुन्हा पेटीशी बसली. आता आणखी एक बोट कुरकुरतं आहे, आणि आणखी एक चाल तयार होते आहे.

ती ध्वनिमुद्रित गाणी मी शाळेच्या वाटेवर ऐकते. सुरांच्या ओळीत अधूनमधून एक बारीकशी उसंत येते. ऐकणाऱ्याला ती तिची शैली वाटते. मला मात्र ठाऊक आहे की तिथे पूर्वी एक बोट पडत असे. मावशीने ती जागा दुसऱ्या कुठल्या सुराने भरून काढली नाही, मोकळीच ठेवली आणि गाणं पुढे नेलं. काळ आपल्याकडून जे काढून घेतो त्याची आठवण ठेवण्याची याहून सच्ची रीत मला माहीत नाही: गेलेल्याची जागा रिती राहू द्यावी, आणि सूर तिथे थांबू देऊ नये.